हृदयाची जोखीम

गौरीजेवणाची रात्र होती. डोंबिवलीला दादाकडे दुपारी पंचवीस पाने उठली होती. पुरणपोळी, अळूवड्या, पंचामृत, तळण. वहिनींच्या हातून त्यांतले काही राहून जाणे शक्यच नव्हते. रात्री अकराच्या सुमारास दादा अंथरुणावर उठून बसला. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखे वाटते म्हणाला. डावा जबडाही ठणकत होता. निदान त्याचे त्यानेच केले. "पित्त झालंय. दुपारचं अंगावर आलं."

वहिनींनी ओवा दिला. मग सोडा. मग आले-लिंबू. मग पाठीला बाम. पहाटे तीन वाजता बनियन घामाने चिंब झाले आणि दादाचा चेहरा राखेसारखा दिसू लागला, तेव्हा कुठे शेजाऱ्यांची गाडी निघाली. तीन मजले दादा आपल्या पायांनी उतरला. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण त्या वेळी सगळ्यांना त्याचे कौतुकच वाटले होते. नंतर डॉक्टर म्हणाले, "त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणायचं होतं. आणि चार तास आधी. १०८ क्रमांक फिरवला असता तर रुग्णवाहिका दारात आली असती."

तीन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. दादा तेव्हा चौपन्न वर्षांचा होता. (त्याला विचारूनच मी हे लिहिते आहे. "माझं नाव घालू नकोस, बाकी काय हवं ते लिही," असे त्याने सांगितले आहे.)

हृदयविकाराला पित्त समजण्याचा मान मात्र एकट्या दादाकडे जात नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर डेन्व्हरला आपल्या सासुरवाडीला मुक्कामाला होते. तेवीस तारखेला त्यांनी भरपूर गोल्फ खेळले, दुपारी कांदा घातलेला हॅम्बर्गर खाल्ला आणि त्या रात्री दोनच्या सुमारास छातीत दुखू लागले. वृत्तपत्रांना सकाळी जी बातमी दिली गेली ती अध्यक्षांचे पोट बिघडल्याची. तो हृदयाचा झटका आहे हे जगाला कळायला दुपार उलटली. ज्यांच्या उशाशी डॉक्टर, त्यांची ही गत. मग आमच्या वहिनींच्या ओव्याला काय नावे ठेवायची?

आयसेनहॉवर यांच्या आजारपणात आणखी एक गोष्ट घडली. तोवर अशा रुग्णाला चार ते सहा आठवडे बिछान्यात निजवून ठेवण्याची रीत होती. हात हलवायचा नाही, कूस बदलायची नाही. पन्नासच्या दशकाच्या आरंभी बॉस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या दोन डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि रुग्ण दगावण्याऐवजी लवकर हिंडूफिरू लागले. आयसेनहॉवर यांचे तज्ज्ञ डॉ. पॉल डडली व्हाइट याच मताचे. त्यांनी अध्यक्षांना खुर्चीत बसवले, मग चालवले, मग कामावर धाडले. पुढच्या वर्षी आयसेनहॉवर पुन्हा निवडून आले आणि १९६९ पर्यंत जगले. मध्यंतरी त्यांना आणखी झटके येऊन गेले, हेही सांगितले पाहिजे. ते सांगायचे पुष्कळदा राहून जाते, आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे.

दादाच्या बाबतीत खुर्चीचीही वेळ आली नाही. मनगटातील रोहिणीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, बंद पडलेली वाहिनी फुग्याने उघडून, तिथे जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवली गेली. झ्युरिचला डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी अडतीस वर्षांच्या एका माणसावर हा फुग्याचा प्रयोग पहिल्यांदा केला. १९८६ मध्ये स्टेंट आला. आपल्याकडे फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातल्यापासून मध्यमवर्गीय घराला तो थोडाफार आवाक्यातला झाला. दादा चौथ्या दिवशी घरी आला. आठवडाभर शहाळी आणि सफरचंदे घेऊन माणसे येत राहिली आणि दादा मोबाइलवर आपल्या हृदयाचे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो दाखवत राहिला. आधीच्या फोटोत नदी मध्येच आटलेली. नंतरच्या फोटोत वाहती.

"दुरुस्त झालो," तो म्हणे.

हा शब्द माझ्या कानाला तेव्हाच खटकायला हवा होता. मी भाषेची मास्तरीण. पण मीही मान डोलावली.

आपल्या घरांत आजारपणाची एक ठरलेली गोष्ट असते. तिला आरंभ असतो आणि शेवट असतो. लहानपणी मला विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस भाताची पेज आणि मुगाचे कढण. बाविसाव्या दिवशी आईने वरणभात, तूप, लिंबू असे ताट वाढले आणि पथ्य सुटले. 'पथ्य' या शब्दाला आपण 'सुटणे' हेच क्रियापद जोडत आलो आहोत. औषधाचा 'कोर्स' असतो, तो 'पूर्ण' होतो. या हिशेबाने दादाचा आजार चौथ्या दिवशी, फार तर महिन्याभराने संपला. हृदयाच्या वाहिन्यांचा विकार या गोष्टीत बसत नाही, हे आम्हांला कुणी सांगितले नाही असे नाही. पण आम्ही ते ऐकले नाही.

हा विकार आहे तरी कसा? आपण समजतो की नळात गंज साचावा तशी चरबी वाहिनीत साचते, नळ तुंबतो, तो साफ केला की झाले. प्रत्यक्षात मेद साचतो तो वाहिनीच्या भिंतीत, आतल्या अस्तराखाली. आणि एका जागी नव्हे, कमीअधिक सर्वत्र. त्यावर पातळ साय धरावी तसा पापुद्रा असतो. एखाद्या दिवशी तो पापुद्रा फाटतो, रक्ताला वाटते जखम झाली, ते तिथे गोठते, आणि काही मिनिटांत वाहिनी बंद. चमत्कारिक भाग असा की पुष्कळ झटके पन्नास-साठ टक्क्यांच्या, म्हणजे त्या फोटोत फारशा न दिसणाऱ्या ठिकाणीच येतात. स्टेंट जिथे बसवला ती दोन-अडीच सेंटिमीटरची जागा मोकळी झाली. बाकीच्या सगळ्या वाहिन्या होत्या तशाच आहेत.

झटका चालू असताना वाहिनी तातडीने उघडणे जीव वाचवणारे आहे, त्यात वाद नाही. पण ज्यांचा विकार स्थिर आहे, चालताना थोडे दुखते एवढेच, अशा रुग्णांवर २००७ आणि २०२० साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. दुसऱ्यात पाच हजारांवर रुग्ण होते. नीट औषधे घेणारे, आणि औषधे अधिक स्टेंट किंवा बायपास घेणारे, यांच्यात मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेने दुखणे कमी झाले, हा लाभ खराच. आयुष्याची दोरी मात्र मुख्यतः गोळ्या आणि राहणी यांच्या हाती राहिली.

दादाने पाचव्या महिन्यात गोळ्या बंद केल्या.

एकदम नाही. आधी कोलेस्टेरॉलची गोळी गेली, कारण तपासणीत आकडा चांगला आला होता. "नॉर्मल आहे, आता कशाला?" मग त्याच न्यायाने रक्तदाबाची गेली. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन होत्या, त्यांनी पोटात जळजळते म्हणून त्या एक दिवसाआड झाल्या. मोबाइलवर कुणीतरी लसूण, आले, लिंबू आणि मध यांचा काढा पाठवला होता; त्याने वाहिन्या धुऊन निघतात म्हणे. सातव्या महिन्यात बँकेच्या खालच्या टपरीवर चहाबरोबर एक सिगारेट. "एकच." अकराव्या महिन्यात, गाडीतून उतरून दादरच्या पुलावर असताना, दुसरा झटका. या वेळी वाहिनी निराळी होती. या वेळी कुणी पित्त म्हटले नाही आणि तो तासाभरात रुग्णालयात पोहोचला. पण पहिल्या खेपेचे नुकसान आणि दुसऱ्या खेपेचे नुकसान यांची बेरीज झाली. निरोगी हृदय आतील रक्तापैकी साधारण साठ टक्के दर ठोक्याला बाहेर ढकलते. दादाचे आता पस्तीस टक्के ढकलते. नाही म्हणायला तो हिंडतोफिरतो, बँकेतही जातो. पण दोन जिने चढला की मध्ये थांबतो.

दादा एकटाच अविचारी निघाला असे कुणी समजू नये. २०११ साली सतरा देशांतील एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेली माणसे शोधून, ती काय औषधे घेतात ते विचारले. त्यांत गरीब गटातल्या देशांत, आणि त्यांत भारत होता, पाचांतले चौघे मुख्य औषधांपैकी एकही घेत नव्हते.

रुग्णालयातून दादाबरोबर एक कार्ड मिळाले होते. दुसऱ्या खेपेला मी ते पहिल्यांदा नीट वाचले. दोन पाने इंग्रजी, त्यातही निम्मी आद्याक्षरे. गोळ्यांच्या नावापुढे 'ओ. डी.', 'बी. डी.', 'एच. एस.' अशी लॅटिनची पिल्ले. ओ. डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी. डी. म्हणजे दोनदा, एच. एस. म्हणजे निजताना. "डॉक्टरांनीच बिडी लिहून दिली आहे," हा दादाचा त्यावरचा विनोद. ज्या वहिनी त्या घराचे सारे जेवणखाण, औषधपाणी, वेळा सांभाळतात, त्यांना त्या कार्डातले एक अक्षर कळण्याची सोय नव्हती. आणि मी, मराठीची एम. ए., आयुष्यभर मुलांना उताऱ्यांचे सारांश लिहायला लावणारी, मला अकरा महिन्यांत ते कार्ड मराठीत उतरवावेसे वाटले नाही. दादाच्या चुकांच्या यादीत माझी ही एक घातली पाहिजे.

मग ते काम केले. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत. आधी मी गोळ्यांचे रंग लिहिले: गुलाबी सकाळी, पांढरी रात्री. महिन्याने औषधवाल्याने दुसऱ्या कंपनीच्या दिल्या आणि गुलाबी पिवळी झाली. घरात गोंधळ. तेव्हा रंग खोडून औषधांची मूळ नावे घातली, आणि प्रत्येकीपुढे ती कशासाठी आहे ते एका ओळीत. ही ओळ फार उपयोगी पडली. 'स्टेंटमध्ये रक्त गोठू नये म्हणून. ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही, दात काढायचा असला तरी' असे भिंतीवर लिहिलेले असले की माणूस ती 'पित्ताने' बंद करत नाही. जळजळ होते म्हणून डॉक्टरांना सांगतो, आणि डॉक्टर त्यावर उपाय देतात.

कोलेस्टेरॉलच्या गोळीविषयी आपल्याकडे जेवढे गैरसमज तेवढे कशाविषयी नसतील. अकिरा एन्डो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने हजारो बुरश्या तपासून, १९७३ साली क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातील तांदळावरच्या निळसर बुरशीतून हे द्रव्य प्रथम वेगळे काढले. शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणापासून बुरशीचे वेड. २०२४ मध्ये नव्वदाव्या वर्षी वारला. त्या कुळातील औषधाचा मोठा प्रयोग उत्तर युरोपातील ४,४४४ हृदयरुग्णांवर झाला आणि १९९४ मध्ये निकाल आला. पाचएक वर्षांत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २५६ दगावले, खरी गोळी घेणाऱ्यांत १८२. आकडा 'नॉर्मल' आला म्हणून ती थांबवणे म्हणजे छत्रीखाली आपण भिजलो नाही म्हणून छत्री मिटणे. तिने कुणाकुणाचे स्नायू दुखतात, तेव्हा डॉक्टर मात्रा किंवा जात बदलतात. शिवाय तपासणीच्या कागदावर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा निरोगी माणसाची असते. झटका येऊन गेलेल्याचे वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एल. डी. एल., ७० च्या खाली हवे. आता बहुतेक तज्ज्ञ ५५ च्या खाली म्हणतात.

दुसऱ्या झटक्यानंतर डॉक्टरांच्या तोंडी 'रिस्क फॅक्टर' हा शब्द सारखा येई. या शब्दाचा जन्म सांगण्याजोगा आहे. अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेले. वर्षभर आधी त्यांचा रक्तदाब १८६/१०८ नोंदला होता; अखेरच्या दिवशी तो ३००/१९० वर गेला. वाढत्या वयाबरोबर दाब वाढायचाच, असे तेव्हा डॉक्टरही मानत. १९४८ मध्ये बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम या लहानशा गावी ५,२०९ स्त्रीपुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली. ती माणसे आजारी नव्हती. साधी नोकरदार, संसारी होती. कोणाला पुढे हृदयविकार होतो आणि त्याच्यात आधी काय निराळे होते, एवढेच पाहायचे. १९६१ साली डॉ. विल्यम कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला हिशेब मांडला त्यात हा शब्द आला. त्या गावकऱ्यांची मुले आणि नातवंडेही पुढे त्या पाहणीत सामील झाली.

मराठीत आपण त्याला 'जोखमीचा घटक' म्हणतो. पण माझी आजी लग्नाकार्याला निघाली की कमरेच्या बटव्यावर हात ठेवून हळूच म्हणायची, "अंगावर जोखीम आहे." धोका तो जोखीम, आणि जपायची मोलाची वस्तू तीही जोखीम. इंग्रजी शब्दात ही दुसरी अर्थच्छटा नाही.

आता या जोखमी कोणत्या? २००४ साली मूळ केरळचे आणि कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसुफ यांनी ५२ देशांतील पंधरा हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तंबाखू, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, रोजच्या जेवणात भाज्या-फळांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्याचा प्रश्न, अशा नऊ गोष्टींनी पुरुषांतील नव्वद टक्के आणि स्त्रियांतील चौऱ्याण्णव टक्के धोक्याचा उलगडा होतो, असे त्यात दिसले. आपल्या उपखंडातील माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले. "आमच्या घराण्यातच आहे, बाबाही असेच गेले," असे दादा म्हणे. घराण्याचा वाटा असतोच. पण बाबांची तंबाखूची पुडी आणि लोणच्याची आवडही त्याच घराण्यातून आली होती.

तंबाखूचे थोडे विस्ताराने सांगते, कारण तिथे फसवणूक फार. झटका येऊन गेल्यावर सिगारेट सोडणाऱ्याचा मृत्यूचा धोका न सोडणाऱ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. एवढा लाभ कुठल्याही एका गोळीने क्वचितच होतो, आणि तोही फुकट. उलट पैसे वाचतात. 'एकच' ओढणाऱ्याचा धोका एक विसांश होत नाही. हृदयाच्या बाबतीत थोडा धूरही बराच नुकसान करतो. आणि मळलेली तंबाखू, मशेरी, गुटखा यांना धूर नाही म्हणून त्या निरुपद्रवी, हे साफ खोटे आहे. डॉ. युसुफ यांच्याच पाहणीत तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. दादाने दुसऱ्या वेळी समुपदेशकाकडे जाऊन, निकोटिनच्या गोळ्या चघळून सोडली. मनाच्या निग्रहाने सोडतो म्हणण्यात त्याने आधी तीनदा हार खाल्ली होती. मदत घेण्यात कमीपणा नाही हे त्याला पटायला दोन स्टेंट लागले.

जेवणाचा विषय निघाला की सगळे वहिनींकडे पाहतात. मला याचा राग येतो. रुग्ण दादा, आणि चौकशी वहिनींची: "तुम्ही त्यांना तेलकट देत नाही ना?" पहिल्या वर्षी त्या दोन स्वयंपाक करीत. दादाचा अळणी, बाकीच्यांचा नेहमीचा. दादा स्वतःच्या ताटातले खाई आणि मुलांच्या ताटातले उचली. आता एकच स्वयंपाक होतो. मिठाचे प्रमाण माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यातच पापड, लोणचे, फरसाण, पाव यांतले मीठही आले. वहिनींनी ते महिन्याच्या हिशेबाने मोजले. पाच माणसांच्या घरात मिठाच्या दोन पिशव्यांऐवजी पाऊण पिशवी लागू लागली. पंधरा दिवस सगळ्यांना बेचव लागले, मग जीभ रुळली. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, पण त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि काही रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. दादाला डॉक्टरांनी नकोच म्हटले.

तुपाला लोक फार घाबरतात आणि बिस्किटांना मुळीच नाही. वरणभातावरच्या अर्ध्या चमचा तुपाने जग बुडत नाही. वनस्पती तुपातल्या आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातल्या घातक मेदाचा प्रश्न त्याहून मोठा. वनस्पतीतील या मेदावर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, पण टपरीवरच्या कढईतल्या काळ्या तेलाला कोण मोजतो? बाकी आपले जुने जेवणच बरे आहे: ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक. भात थोडा कमी, कारण पहिल्या खेपेला रुग्णालयातच कळले की दादाला मधुमेह आहे. किती वर्षे होता देव जाणे.

व्यायामाविषयी दादाचे म्हणणे, "रोज लोकल पकडतो, आणखी व्यायाम कशाला?" यावर मला लंडनच्या बसगाड्या आठवतात. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली तिथल्या दुमजली बसच्या नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीत, एकाच वर्गातले, पगारही जवळपास सारखाच; पण दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरला हृदयविकार जास्त, आणि दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढउतार करणाऱ्या कंडक्टरला कमी. मॉरिस प्रामाणिक गृहस्थ. त्यांच्या चमूने पुढे दोघांच्या गणवेशांची मापे काढली तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारी मुळातच कमरेत मोठ्या निघाल्या. तेही त्यांनी छापले. म्हणजे सगळा फरक जिन्याचा नव्हता. पण सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर असे जोडून पाहिले तरी फरक उरतच होता. मॉरिस स्वतः धावत, पोहत नव्व्याण्णव वर्षे जगले. लोकलमध्ये तासभर लोंबकळणे हे कष्ट आहेत. पायांना गती नाही. दादाने दुसऱ्या झटक्यानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरातल्या घरात पाच मिनिटांपासून चालायला सुरुवात केली. आता सकाळी अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस. वेग असा की बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. जेवणावर लगेच नाही. छातीत जड वाटले तर तिथेच बसायचे, जिभेखालची गोळी ठेवायची आणि पाच मिनिटांत उतार पडला नाही तर थेट १०८.

योगासने करावीत का, हा प्रश्न मला हटकून विचारला जातो. आपल्याच देशातील चोवीस रुग्णालयांत जवळजवळ चार हजार रुग्णांवर याचा प्रयोग होऊन २०२० साली तो प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्यांना बरे वाटले, ते आपल्या पूर्वीच्या कामांकडे अधिक परतले. पुन्हा झटका किंवा मृत्यू टळल्याचे मात्र ठामपणे दिसले नाही. तेव्हा जरूर करावीत, गोळ्यांबरोबर, गोळ्यांऐवजी नव्हे.

शरीराबद्दल एवढे बोलतो, पण दुसऱ्या झटक्यानंतरचे तीन महिने दादा रात्री दिवा मालवू देत नसे. डाव्या कुशीवर निजायला घाबरे. बँकेतली मंडळी भेटायला आली की आतल्या खोलीत जाई. झटक्यानंतर असे उदास होणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यामुळे औषधे, चालणे सगळेच बारगळते. आम्ही त्याला 'धीर धर' म्हणत राहिलो. डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, तेव्हा वहिनी प्रथम रडल्या. पण त्याचा फार उपयोग झाला. पतिपत्नींच्या जवळिकीबद्दलही अशा घरांत भीती असते आणि कुणी विचारत नाही. दोन जिने दम न लागता चढणाऱ्याला सहसा हरकत नसते. मात्र जिभेखालची गोळी घेणाऱ्याने जोम वाढवणाऱ्या गोळ्या घेतल्या तर रक्तदाब एकाएकी कोसळतो. डॉक्टरांना लाज सोडून विचारावे.

दादासाठी रक्तदाब मोजायचे यंत्र घरात आले. त्याचा १३०/८० च्या खाली राहायला हवा. नवे यंत्र म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी दंड पुढे केला. पुतण्याचा ठीक, माझा ठीक. वहिनी म्हणाल्या, "माझा कशाला? मला काय धाड भरलीय?" आग्रहाने घेतला तर १६४/१००. चार दिवस ओळीने घेतला, तेवढाच. त्यांना वर्षभर दम लागत होता, थकवा होता, पाठ भरून येई. ते सारे दादाच्या आजारपणातल्या धावपळीवर घातले गेले होते. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा असाच दबक्या पावलांनी येतो. छातीतली कळ नसतेही. दम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, नुसता थकवा. त्यांचा अजून तिथपर्यंत गेला नव्हता. पण दोन वर्षे त्या घरात हृदय म्हटले की दादाचे, असा आमचा समज होता.

गेल्या भाऊबीजेला मी डोंबिवलीला गेले. वहिनींनी फराळ केला होता; चकली भाजणीची पण थोडी, चिवडा बिनतळणीचा, आणि बेसनाचे चारच लाडू. मी दादाला ओवाळले. त्याने तबकात पाकीट टाकले आणि लाडूकडे पाहिले. वहिनींनी एक लाडू मोडून अर्धा त्याला दिला, अर्धा मला.

साडेआठ वाजले तसे त्या उठल्या आणि फडताळातून दोन डब्या काढून दिव्यांशेजारी ठेवल्या. सात-सात खणांच्या. एक दादाची, एक त्यांची स्वतःची.